बिनदांड्याची

कार्यादेशात लिहिलं होतं : दगडी शिल्प, एक नग.
उंची सव्वाबारा फूट, चबुतऱ्यासह.
काम ताब्यात घेतल्यापासून तीन वर्षं
दोषदायित्व ठेकेदाराकडे.
मी कनिष्ठ अभियंता. सही माझी.

म्हात्रे पुलाच्या अलीकडचं वाहतूक बेट,
जिथं आधी सिमेंटचे दोन मोर होते
आणि त्यांतल्या एकाला मान नव्हती,
तिथं ही उभी राहणार होती :
मुठेच्या गाळात सापडते तसली हातकुऱ्हाड,
मूळची तळहाताएवढी, इथं माणसाच्या दुप्पट.
शिल्पकार ऋजुता खांबेटे म्हणाल्या,
खालचं अंग गोल ठेवते, तिथं मूठ बसायची.
आणि दांडा?
हिला दांडा नसतो.
मला बरं वाटलं.
गोतास काळ व्हायला हिच्याकडे काहीच नाही.

दगड वाघोलीच्या खाणीतला.
उतरवताना क्रेनचा पट्टा करकरला
तशी यल्लव्वा कुसाळकर पुढे झाली,
हातोडीच्या मागच्या अंगानं एक टिचकी मारली,
कान लावला.
खणखणीत हाय, म्हणाली. घ्या खाली.
मी चाचणी अहवालात लिहिलं : समाधानकारक.

यल्लव्वा पूर्वी नवी पेठेतून हिंडायची,
टाकी लावायची का, पाटा, वरवंटा, जातं.
मिक्सर आले, हाक घशातच राहिली.
आता बाईंनी तिला रोजावर घेतलं होतं,
कारण यंत्रानं कापलेली कुऱ्हाड
साबणाच्या वडीसारखी दिसत होती.
अकरा दिवस ती परांचीवर बसली,
छिन्नी बाजूला ठेवून, दगडानं दगड टवकत.
कपच्या उडायच्या. जेवणाच्या सुट्टीत
ओंजळीनं गोळा करायची.
जपून ठेवणार का, मी विचारलं.
म्हणाली, कुणाच्या पायात जातील.

फलकावर काळ काय घालायचा, यावर तीन बैठका झाल्या.
लाव्हा थिजला त्याला साडेसहा कोटी वर्षं.
त्यात बुडबुडे अडकले,
बुडबुड्यांत पाणी झिरपत झिरपत स्फटिक वाढले,
त्याला किती, कुणी सांगेना.
पहिली कुऱ्हाड घडवणाऱ्या हाताला काही लाख.
लेखापाल म्हणाले, एकच आकडा द्या,
एकाच ओळीचे पैसे मंजूर आहेत.
शेवटी उद्घाटनाची तारीख घातली.

बाईंनी लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर
एक पोकळी उघडी ठेवली होती,
आत पांढरे, मोरपिशी खडे,
नुकतीच पापणी उघडल्यासारखे.
चौथ्या रात्री कुणीतरी ते उचकटून नेले.
यल्लव्वाला सांगितलं तर हसली.
आमचा बाप खाणीतनं असलेच आणायचा,
एजंट न्यायचा, पाटीभर खड्यांना एक कोंबडी.
आता त्या रिकाम्या पोकळीत कुंभारमाशीनं
मातीचं एवढंसं मडकं लिंपलंय.
त्याची नोंद मी कुठंच केलेली नाही.

मला वाटलं होतं, महिन्याभरात शेंदूर लागेल.
आमच्याकडे उभा दगड फार दिवस नुसता राहत नाही.
नाही लागला.
काल तक्रार आली, रीतसर, टोकन क्रमांकासह :
शिल्पाच्या पायथ्याशी ओल, शेंड्या, पांढरे डाग.
पाहायला गेलो.
दस्तगीर बागवान हातगाडी लावून उभा.
गिऱ्हाईक ‘फोडून द्या’ म्हणालं की
एक पाऊल मागं सरायचं,
कमरेच्या उंचीला, कुऱ्हाडीच्या धारेवर,
नारळ एकदाच आपटायचा.
दोन सारख्या वाट्या. पाणी भांड्यात.
कोयता कुठाय?
हरवला साहेब, उन्हाळ्यातच. आता लागत नाही.

पुलाखालून मुठा चालली होती, सोडतात तेवढी.
त्यानं मला खोबऱ्याचा तुकडा दिला.
चावता चावता तक्रारीवर शेरा लिहिला :
समक्ष पाहणी केली. दोष आढळला नाही.
वस्तू वापरात आहे.